रात्री दहा ते पहाटे पाच : परक्या देशातली लष्करी संचारबंदी

हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे भरकटलो ते थोडं छाटलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या महिन्यात एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरदेशी आहे आणि तिथे लष्कराने रात्रीची संचारबंदी लावलीय. ताई म्हणाल्या, "तो म्हणतो, अगं आई, मी रात्री घरातच असतो, मला काय फरक पडतो? पण मला झोप येत नाही. तुम्ही असं राहिलायत ना? मग हे असतं कसं, ते एकदा नीट सांगा."

हो, मी राहिलोय. २०१४ साली, बँकॉकमध्ये. प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी असते, त्यामुळे ताईंच्या मुलाच्या देशात नेमकं काय चाललंय ते मी सांगू शकणार नाही. मी थायलंडचं सांगतो. त्यातलं जे लागू पडेल ते घ्या.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे वर्तमानपत्रात दोन शब्द येतात, जमावबंदी आणि संचारबंदी, आणि लोक दोन्हींना सरसकट 'एकशे चव्वेचाळीस लावलं' म्हणतात. (आता नव्या कायद्यात ते कलम १६३ झालंय, पण तोंडातून १४४च निघतं.) जमावबंदीत पाच किंवा अधिक जणांनी जमायचं नाही; एकटे दुकटे फिरलात तर कुणी अडवत नाही. संचारबंदीत तुम्ही एकटे असलात तरी रस्त्यावर यायचं नाही. करोनात, डिसेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा लागली होती ती संचारबंदी. ती आपण सगळ्यांनी पाहिलीय. पोलीस अडवायचे, फार तर काठी दाखवायचे, उठाबशा काढायला लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरायचा.

लष्करी संचारबंदीत चौकात उभा असलेला माणूस बदलतो, आणि त्याच्यामागचा कायदाही बदलतो. थायलंडमध्ये लष्करी कायदा आहे तो १९१४ सालचा, म्हणजे निरंकुश राजेशाहीच्या काळातला. तो पुकारला की सुव्यवस्थेच्या बाबतीत लष्कर मुलकी अधिकाऱ्यांच्या वर जातं. घराची, गाडीची झडती घेता येते. संशयावरून सात दिवस ताब्यात ठेवता येतं, त्यासाठी आरोपाची गरज नाही. आपल्याकडे निदान 'साहेब, कोणत्या कलमाखाली?' असं विचारायची सोय असते, भले उत्तर मिळो न मिळो. तिथे तो प्रश्नच संपतो.

आता २०१४ मध्ये काय झालं ते थोडक्यात. नोव्हेंबर २०१३ पासून बँकॉकमध्ये यिंगलक शिनावात यांच्या सरकारविरुद्ध मोर्चे चालले होते. जानेवारीत तर आंदोलकांनी शहरातले मोठे चौकच अडवून 'बँकॉक बंद' केलं. फेब्रुवारीत निवडणूक झाली, ती न्यायालयाने मार्चमध्ये रद्द ठरवली. ७ मे रोजी न्यायालयानेच यिंगलकना पदावरून काढलं. मधूनमधून बाँब, गोळीबार, माणसं मरत होती. मग २० मेच्या पहाटे तीन वाजता लष्करी कायदा पुकारला गेला, आणि लष्कराने सांगितलं की हा उठाव नव्हे. दोन दिवस सगळ्या पक्षांना एका खोलीत बसवून चर्चा केली. २२ मे, गुरुवार, संध्याकाळी पाचच्या सुमारास लष्करप्रमुख प्रयुत चान-ओचा टीव्हीवर आले आणि म्हणाले की आम्ही सत्ता हाती घेतलीय. म्हणजे तो उठावच होता. १९३२ साली थायलंडमधली निरंकुश राजेशाही संपली, त्यानंतरचा हा बारावा यशस्वी उठाव.

थाई भाषेत उठावाला शब्द आहे 'रत्थप्रहान'. कान देऊन ऐका. रत्थ म्हणजे राष्ट्र, प्रहान म्हणजे प्रहार. राष्ट्रप्रहार! अधिकृत घोषणेला म्हणतात 'प्रकात', म्हणजे प्रकाश. आणि इमारतीच्या दारात बसणारा पहारेकरी म्हणजे 'याम'. आपल्या 'यामिनी'मधला याम, रात्रीचा प्रहर. मला थाई भाषा बाजारापुरतीच यायची, पण त्या दिवसांत टीव्हीवर चाललेल्या शब्दांच्या लोंढ्यातून हे असे ओळखीचे दगड हाताला लागायचे. अर्थ कळल्यासारखा वाटायचा. खरं तर काही कळलेलं नसायचं, आणि ते धोक्याचं आहे. त्यावर पुढे येतो.

त्या गुरुवारी मी सिलोम भागात, ऑफिसात होतो. बातमी आली तेव्हा ऑफिसातल्या थाई सहकाऱ्यांनी आरडाओरडा केला नाही, कुणी धावलं नाही. बायकांनी शांतपणे पिशव्या भरल्या. आमच्या हिशेबनीस बाईंनी मला विचारलं, "घरी भात आहे का?" मला वाटलं गप्पा मारतायत. नंतर कळलं की तो सगळ्यांत मुद्द्याचा प्रश्न होता. थोड्याच वेळात घोषणा झाली: रात्री दहा ते पहाटे पाच, देशभर, कुणीही घराबाहेर पडायचं नाही.

मी मनात हिशेब केला. दहाला अजून चार तास आहेत, घर अर्ध्या तासावर, आरामात जाऊ. इथे नवखा माणूस चुकतो. दहाची संचारबंदी म्हणजे दहा नव्हे. ज्याला दहाच्या आत घर गाठायचंय त्या स्वयंपाक्याचं घर दीड तासावर आहे, म्हणून तो आठला निघतो. म्हणून हॉटेल साडेसातला बंद होतं. मॉलचे कामगार तसेच, म्हणून मॉल आठला बंद. स्कायट्रेनच्या चालकालाही घर आहे, म्हणून शेवटची गाडी नऊच्या आसपास. आणि हे सगळे एकाच वेळी रस्त्यावर. मी साडेसहाला निघालो. साला देंग स्टेशनच्या जिन्यावरच माणसांची रांग खालच्या पदपथापर्यंत आली होती. पाच गाड्या सोडल्या, सहावीत शिरलो. घरी पोचलो तेव्हा नऊ चाळीस झाले होते. दहा म्हणजे सात धरायचं, हे त्या दिवशी शिकलो.

आता भात. मी राहायचो ओन नुतजवळच्या एका गल्लीत, म्हणजे तिथल्या भाषेत 'सोई'त, नवव्या मजल्यावर एका खोलीत. बँकॉकमधल्या अशा बहुतेक छोट्या खोल्यांत धड स्वयंपाकघर नसतं. एक फ्रिज, फार तर मायक्रोवेव्ह. लोक खाली उतरतात, गाडीवर (तेव्हा चाळीस बाथमध्ये) गरमागरम मिळतं, पिशवीत बांधून वर आणतात. अर्धं शहर असं जेवतं. संचारबंदीने पहिला घाव घातला तो या गाड्यांवर, कारण त्यांचा धंदाच सातनंतरचा. कोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन, जे दिवाळी-दसरा काही न मानता चोवीस तास उघडं असतं, त्याचं शटर मी पहिल्यांदाच खाली पाहिलं. माझ्या घरात त्या रात्री दोन केळी आणि चिवड्याचं अर्धं पाकीट होतं. चिवडा आईने दिलेला. असो, उपाशी राहिलो नाही.

टीव्ही लावला तर प्रत्येक वाहिनीवर तेच चित्र, लष्करी परिषदेचं बोधचिन्ह, आणि मागे देशभक्तिपर गाणी. बीबीसी, सीएनएन बंद. मधूनच एक गणवेशधारी अधिकारी येऊन घोषणा वाचणार. अमुक क्रमांक, तमुक क्रमांक. मला एक एक शब्द कळायचा, 'प्रकात' कळायचं, आकडे कळायचे, पण काय मना आहे आणि काय मुभा आहे ते नाही. अशा वेळी परदेशी माणूस आपल्याच भाषेच्या व्हॉट्सॲप गटाकडे वळतो. आमच्या गटात त्या रात्री लोकांनी काय काय लिहिलं म्हणता! विमानतळ बंद झाला. परदेशी लोकांना चोवीस तासांत देश सोडायला सांगितलंय. पाणी तोडणार आहेत. यातलं एकही खरं नव्हतं. विमानं तर नेमाने उडत होती.

खरं काय होतं ते दुसऱ्या दिवशी एका थाई सहकाऱ्याने कागदावर लिहून समजावलं. संचारबंदीतून सूट होती ती अशी: देशात येणारे आणि देशाबाहेर जाणारे प्रवासी, पाळीत काम करणारे, विमानाने जाणाऱ्या मालाची ने-आण करणारे, आजारी माणसं आणि दवाखान्याचे लोक. बाकी कुणाला अगदीच अडचण असेल तर जवळच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. कागदावर सरळ वाटतं. पण रात्री साडेअकराला 'जवळचा अधिकारी' शोधायला तुम्ही घराबाहेर पडलात, म्हणजे संचारबंदी मोडलीच की!

पहिले तीन दिवस मात्र, खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. सहा महिने रोज सकाळी 'आज कुठला चौक अडलाय' हे बघून निघायची सवय झाली होती, ती एकदम संपली. रस्ते मोकळे. काही बँकॉककर सैनिकांना फुलं देत होते, त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होते. मी पुण्यातल्या मित्राला फोनवर म्हणालो होतो, "अरे, मस्त आहे, रात्री कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं." हे वाक्य मी बोललोय. आज लिहिताना टाळता आलं असतं, पण नाही टाळत.

रविवारी, २५ मेच्या रात्री, सव्वानऊला धाकट्या भावाचा फोन आला. आपल्याकडे तेव्हा पावणेआठ. "दादा, बाबांना मिरजेला हलवलंय. हार्ट आहे. तू ये." एवढंच बोलला आणि फोन दुसऱ्या कुणाकडे दिला. त्या माणसाने मला डॉक्टरांचे शब्द सांगितले, त्यातला एकही माझ्या डोक्यात शिरला नाही.

तिकीट शोधायला लागलो. सकाळचं विमान होतं, पण जागा नव्हती. रात्री अडीचच्या सुमाराचं एक मिळालं, मध्ये एके ठिकाणी बदलायचं. पैसे भरून झाले तेव्हा घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं. संचारबंदी सुरू झाली होती.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती ताईंच्या मुलाच्या कामाची आहे. थायलंडमध्ये नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्याने देशाबाहेर जाण्याआधी पुन्हा आत येण्याचा परवाना घ्यावा लागतो. तो न घेता बाहेर पडलात की मुक्कामाची मुदत तिथेच रद्द. परत यायचं तर सगळं पहिल्यापासून. तेव्हा एका खेपेसाठी १,००० बाथ पडायचे, अनेक खेपांसाठी ३,८००. मी पैसे वाचवायच्या स्वभावाचा आहे, दरवर्षी एकाच खेपेचा घ्यायचो. त्या वर्षी कशी कोण जाणे, बुद्धी झाली आणि अनेक खेपांचा घेतला होता. पासपोर्टात तो शिक्का पाहिला तेव्हा पहिल्यांदा श्वास सोडला. अशी कागदं गरज पडण्याआधी करून ठेवायची असतात, कारण गरज पडते ती रविवारी रात्री सव्वानऊला.

खाली उतरलो. याम होते दारात, साठीचे गृहस्थ. त्यांना मी 'लुंग' म्हणायचो, म्हणजे काका. माझी बॅग पाहून ते उठून उभेच राहिले, दोन्ही हात आडवे हलवत. जायचं नाही, जायचं नाही. माझी थाई तिथे कोलमडली. बाबा, आजारी, विमान, एवढे तीन शब्द मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि विचारलं, "तिकीट?" मी फोन दाखवला. त्यांनी मान हलवली. कागद हवा. सैनिक तुझा फोन का बघत बसेल, असा त्यांचा भाव होता. मग त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेला इंटरकॉमवरून उठवलं. त्या बाई घरातल्या कपड्यांतच खाली आल्या, मला वर नेलं, दोन प्रती छापून दिल्या आणि एका कोऱ्या कागदावर थाईत चार ओळी लिहिल्या: हा भारतीय आहे, वडील अत्यवस्थ आहेत, सुवर्णभूमी विमानतळावर चाललाय, कृपया जाऊ द्या. त्यांचं आडनाव मला आजही ठाऊक नाही.

टॅक्सी? तीही लुंगनीच. मागच्या सोईत त्यांच्या गावाकडचा एक टॅक्सीवाला राहायचा. बँकॉकमधले बरेच टॅक्सीवाले ईशान्येकडच्या, 'ईसान' म्हणतात त्या भागातले. शेती कोरडवाहू, म्हणून शहरात येतात. गाडी बहुतेकांची स्वतःची नसते, बारा तासांच्या पाळीने भाड्याने घेतात. रात्रपाळीवाल्याचं तर त्या आठवड्यात पारच बसलं होतं, रस्त्यावर माणूसच नाही तर भाडं कुणाकडून मिळणार? लुंगच्या फोनवर तो दहा मिनिटांत आला, डोळे चोळत. गुलाबी टॅक्सी. मीटर टाकला.

सुखुम्वित रस्ता मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही तसा पाहिला नाही. सिग्नल हिरवे-लाल होत होते आणि त्यांच्याखाली एकही वाहन नव्हतं. चालकाने निघतानाच आतला दिवा लावला, चारही काचा खाली केल्या. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, "दिसायला पाहिजे." हे लक्षात ठेवा. नाक्यावर येताना वेग कमी, आतला दिवा चालू, काचा खाली, हात वर दिसतील असे. खिशात हात घालून कागद शोधायचा नाही, तो आधीच हातात हवा. फोन तर अजिबात समोर धरायचा नाही. फोटो काढतोय असं वाटलं की संपलं.

बांग नाच्या अलीकडे नाका होता. वाळूची पोती, एक लष्करी गाडी, सात-आठ जवान. अगदी पोरं. त्यातल्या एकाने बॅटरी माझ्या तोंडावर मारली. मी पासपोर्ट, तिकिटाची प्रत आणि बाईंची चिठ्ठी असं एकत्र पुढे केलं. त्याने पासपोर्टचं वेष्टण पाहिलं, तिकिटावरची तारीख पाहिली, चिठ्ठी वाचली आणि परत दिली. दोन्ही हातांनी, अदबीने. मला एकही प्रश्न विचारला नाही. सगळं मिळून अर्धं मिनिट.

मग तो चालकाकडे वळला. त्याचं ओळखपत्र मागितलं. थाई ओळखपत्रावर मूळ नोंदणीचा पत्ता असतो. जवानाने ते वाचलं आणि जरा मागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला नेऊन दिलं. तो अधिकारी आला. चालकाला खाली उतरवलं. डिकी उघडायला लावली. सीटखाली बॅटरी मारली. बँकॉकमध्ये कुठे राहतोस, गाडी कुणाची, परत कधी येणार, कशी येणार. गाडीचा नंबर वहीत लिहिला. मी मागच्या सीटवर बसून होतो आणि घड्याळ बघत होतो. लाज वाटते, पण त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं की हे आटपत का नाहीत.

नाका मागे पडल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग आरशात बघून एकच शब्द म्हणाला, "उदोन." उदोन थानी, त्याचा प्रांत. ईसानमधला, आणि पदावरून काढलेल्या सरकारच्या लाल सदरेवाल्या समर्थकांचा बालेकिल्ला. ओळखपत्रावर ते नाव होतं. त्याचं स्वतःचं राजकारण काय होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. विचारणं हा त्या दिवसांतला उद्धटपणा होता.

तर ताई, तुम्ही विचारलंत ना, हे असतं कसं? परदेशी माणसासाठी ते बरंचसं वेळापत्रकासारखं असतं. अमुक वाजता आत, अमुक वाजता बाहेर, आणि अडचण आलीच तर खिशात पासपोर्ट आहे. त्या रात्री मला जो कागद रस्त्यावरून घेऊन गेला, तो 'मी हा देश सोडून चाललोय' असं सांगणारा कागद होता. जाणाऱ्याला कोण अडवणार? चालकाकडे तसा कागद नव्हता, तो कुठेच चालला नव्हता.

विमानतळावर मी त्याला विचारलं, आता तू परत कसा जाणार? तो हसला. रिकामी गाडी घेऊन परत निघाला तर त्याला सूट नाही. मागच्या सीटवर नुकताच उतरलेला एखादा पासपोर्टवाला बसला, तर तो त्याच नाक्यावरून ताठ मानेने जाईल. पण विमानतळाच्या टॅक्सीरांगेत लागायला वेगळी नोंदणी लागते, ती त्याच्याकडे नव्हती. म्हणून तो पाचपर्यंत कुठेतरी कडेला गाडी लावून झोपणार होता. मीटरप्रमाणे झाले त्याहून मी जास्त दिले, त्याने ते घेतले आणि माझ्या बाबांसाठी हात जोडले. त्याचा नंबर मी घेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ मेच्या संध्याकाळी मिरजेत पोचलो. दवाखान्यातल्या टीव्हीवर दिल्लीतला शपथविधी चालू होता, सगळे नातेवाईक एक डोळा तिकडे ठेवून होते. मामा म्हणाले, "तुमच्या तिकडे काय, मिलिट्री आली म्हणे? बरंच आहे, वठणीवर येतील सगळे." मी काही बोललो नाही. चार दिवसांपूर्वी मी तरी काय वेगळं म्हणत होतो? बाबा त्यातून उठले. हळूहळू, पण उठले.

मी तिकडे असताना बँकॉकमध्ये बरंच घडलं. २८ मेपासून वेळ कमी करून मध्यरात्र ते पहाटे चार केली. त्याच दिवशी फेसबुक काही वेळ बंद पडलं, आणि ते मुद्दाम पाडलं की आपोआप पडलं यावर सरकारातल्याच लोकांनी दोन तोंडांनी उत्तरं दिली. टीव्हीवर नावं वाचली जात होती: राजकारणी, प्राध्यापक, पत्रकार, कार्यकर्ते. यांनी अमक्या वेळी लष्कराच्या ठाण्यात हजर व्हावं. निषेध म्हणून तीन बोटं वर करणाऱ्या तरुणांना पोलीस उचलत होते. आणि दुसरीकडे लष्कर चौकांत 'लोकांना आनंद परत देण्या'चे मेळावे भरवत होतं, फुकट जेवण, फुकट केस कापणं, गाणी, नाच. दोन्ही एकाच शहरात, एकाच आठवड्यात. ३ जूनला पट्टाया, फुकेत, सामुई इथली संचारबंदी उठवली. का? तिथे पर्यटक. तिथेही पासपोर्टवाले आधी सुटले, हे मला तेव्हा लगेच जाणवलं. अर्थात पर्यटकांवर तिथल्या हजारो थाई लोकांचं पोट आहे, तेही खरंच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत गेलो. मध्यरात्र ते चार ही वेळ शहराने एव्हाना अंगवळणी पाडून घेतली होती. आमच्या कोपऱ्यावरची गाडी पुन्हा लागत होती. सवय फार लवकर होते. १३ जूनला, फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, संचारबंदी देशभर उठली. लष्करी कायदा मात्र पुढे १ एप्रिल २०१५ पर्यंत राहिला, आणि तो उठवताना त्याच्याहून मोठे अधिकार देणारं दुसरं कलम लावून ठेवलं. रात्र मोकळी झाली म्हणजे सगळं मोकळं झालं असं नसतं, हे बाहेरून बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आता ताईंच्या मुलासाठी काही कामाच्या गोष्टी, पटापट. पासपोर्ट मूळ, छायाप्रत नव्हे, नेहमी जवळ. ऑफिसात किंवा एजंटकडे अडकला असेल तर आजच सोडवून घ्यायचा. घराचा पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेला एक कागद पाकिटात. कंपनीचं पत्र, तेही तिथल्या भाषेत. तीन-चार दिवसांचं न शिजवता खाता येईल असं खाणं, पाणी, तापाच्या गोळ्या, थोडी रोकड. आपल्या दूतावासात नाव नोंदवलेलं असावं. परराष्ट्र खात्याचं 'मदद' नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे, ते तुम्हाला इथून बसूनही वापरता येतं. आपल्या लोकांच्या गटावरची बातमी निम्मीच खरी धरायची. आणि तिथल्या सहकाऱ्यांना राजकारणावर मत विचारायचं नाही. आपल्याला कुतूहल असतं, त्यांना उद्या ऑफिसला यायचं असतं.

आणि ताई, मुलाला एक विचारा. त्याच्या इमारतीच्या दारात रात्री कोण बसतं, त्यांना तो काय म्हणून हाक मारतो? उत्तर आलं तर तुम्ही झोपा.

हो, टॅक्सीवाल्याचं राहिलं. परतल्यावर मी त्याला फोन केला. त्या रात्री तो पाचपर्यंत थांबला होता. पहाटे सहाला त्याच नाक्यावर त्याला पुन्हा अडवलं, वहीत नंबर होता म्हणून. तासभर बसवून ठेवलं आणि सोडलं. गाडी मालकाला उशिरा परत केली, त्याचा दंड मात्र भरावा लागला. मी म्हणालो, तो मी देतो. तो म्हणाला, "बाबा कसे आहेत?" मी बरे आहेत म्हणालो. मग आंबे घेऊन येतो म्हणाला, उदोनहून भाऊ येणार होता. दंडाचे पैसे घेतले नाहीत. आंबे मात्र खरंच आणून दिले, लुंगकडे ठेवून गेला, माझी भेट न घेता.

पुढच्या भागात भेटू.